परतबाईचं काडतूस

माझी थोरली बहीण हट्टी होती असं क्लबातले लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. हट्टी माणूस कुणाला विचारायला जात नाही. ताई विचारायला गेली होती. आपल्या जुन्या रायफलीला तिने आठवडेच्या आठवडे एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळालं त्याला धरून बसली. ह्याला हट्ट म्हणायचं असेल तर मग चांगल्या कामाला आपल्या भाषेत शब्दच उरत नाही.

आम्ही दोघं एकाच बेअरिंगच्या कारखान्यात होतो. मी ग्राइंडिंग मशिनवर, ती तपासणीत. तपासणीची खोली काचेची. आम्ही छोट्या खिडकीतून मालाचा ट्रे आत सरकवायचो. थोड्या वेळाने आतून एक हात यायचा, ट्रे बाहेर सरकायचा आणि एक शब्द ऐकू यायचा, "परत." बस. वाद नाही, आरडाओरडा नाही. सगळ्या खात्यांनी मिळून तिचं नाव परतबाई ठेवलं. तोंडावर बाई म्हणायचे, पाठ वळली की परतबाई. तिला ते माहीत होतं. राग यायचा नाही.

माझे ट्रे इतरांपेक्षा जास्त परत यायचे. एकदा मी खिडकीत तोंड घालून म्हणालो, "अगं, एका आईच्या पोटचे आहोत. जरा बघ की."

"म्हणूनच दोनदा बघितलं," आतून आवाज आला. "परत."

तिचा नवरा, आमचे भावोजी, घरं रंगवायचे. मोठा हसरा माणूस. लग्नानंतर वर्षानुवर्षं लोकांना सांगायचे, "आमच्याकडे चहासुद्धा परत जातो. मी एकटाच काय तो पास झालोय." त्यांच्या हातचा रंग मात्र ताईने कधी परत पाठवला नाही. तो माणूस भिंत घासायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात दुसरा रंगारी घर उरकून निघून जायचा.

कारखान्याच्या क्रीडा क्लबाची रायफल रेंज तपासणीच्या खोलीमागे होती. पत्र्याची लांब शेड, एका टोकाला मातीचा उंच ढीग, दुसऱ्या टोकाला जमिनीवर चटया. संध्याकाळची पाळी असली की तिथला ठो ठो आवाज काचेतून यायचा आणि मोजताना ताईचा हात चुकायचा. एक दिवस ती तक्रार करायला म्हणून तिकडे गेली. कुणीतरी चेष्टेने तिला रायफल धरायला दिली. तिने पोटावर झोपून पाच गोळ्या मारल्या, निशाण्याचं कार्ड मागवलं, भोकं बघितली. कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "परत." तक्रार तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती क्लबाची सभासद झाली.

ती कारखान्याच्या संघात कशी आली, किती वर्षं राहिली, ते सांगत बसत नाही. बक्षिसांची यादी वाचायला कुणाला आवडते? निवृत्तीच्या आधीचं तिचं शेवटचं वर्ष होतं तिथून सांगतो. आंतर-कारखाना स्पर्धेत फक्त नोकरीत असलेल्यांनाच उतरता येई. म्हणजे त्या वर्षीची स्पर्धा ही तिची शेवटची. संघ चौघांचा. तीन जागा ठरल्यासारख्या होत्या. चौथीसाठी दोन नावं होती, ताई आणि क्लबाच्या सेक्रेटरीचा जावई.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या जड खात्यातला क्रेन चालवणारा. दणकट माणूस, आवाजही तसाच. क्लबासाठी त्याने राबायचं तेवढं राबलं होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. शेडचे पत्रे त्याने स्वतः बदलले. मातीचा ढीग तो दर पावसाळ्यानंतर स्वतः फावड्याने चढवायचा. त्याचा जावई आमच्याच स्टोअरमध्ये होता. लाजाळू, सरळ मुलगा, नवी रायफल, चांगली नजर. सगळा क्लब त्याला जावईबापू म्हणायचा आणि तो प्रत्येक वेळी कानापर्यंत लाल व्हायचा.

त्या वर्षी सेक्रेटरीने सगळ्या क्लबासाठी एकच काडतूस घ्यायचं ठरवलं. लाल डबीतलं, जलद. नळीतून सुटताना चाबूक मारल्यासारखा आवाज व्हायचा.

"आवाज ऐकला?" तो म्हणायचा. "ह्याला म्हणतात जोर."

ताईने लाल डबी आपल्या रायफलीत मारून बघितली. भोकं अशी पसरली की कार्डावर कुणी मूठभर वाटाणे फेकलेत असं वाटावं. तिने दुसऱ्या दिवशी परत मारली. तेच. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारली, म्हणजे हाताचा दोष निघून जातो. तेच. मग उरलेली डबी घेऊन ती सेक्रेटरीच्या टेबलापाशी गेली आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

"परत," ती म्हणाली.

"काय परत?"

"हे काडतूस. माझ्या रायफलीला चालत नाही."

"बाई, रायफल म्हातारी झालीय तुमची. तिला काय चालणार आता, काठी?" शेडमध्ये हशा झाला. "बाकी तिघांना चालतंय. तुम्हीच एकदा चष्मा तपासून या."

"चष्मा तपासलाय. वाळूच्या पिशवीलाही चष्मा लावू का?"

हशा दुसऱ्या बाजूने झाला. सेक्रेटरी हसला नाही. तो खुर्ची पुढे ओढून नीट बोलायला लागला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पूर्वी एकदा संघातल्या प्रत्येकाने आपापलं काडतूस आणलं होतं. ऐन स्पर्धेत एकाचं संपलं, शेजाऱ्याचं त्याच्या रायफलीत नीट बसेना, आणि संघ शेवटून पहिला आला. ती नाचक्की त्याने सोसली होती.

"संघ म्हणजे एक डबी," तो म्हणाला. "ज्याची संपली त्याने शेजाऱ्याची उचलायची. हा माझा नियम आहे."

"गोळी नळीतून जाते, नियमातून नाही," ताई म्हणाली. "मी माझं शोधते."

क्लबाच्या परवान्यावर सभासदाला आपल्या पसंतीचं काडतूस मागवता येत होतं. सेक्रेटरीने सही केली. म्हणाला, "शोधा. सापडलं तर मलाही दाखवा. निवड चाचणीला मात्र वेळेवर या, जावईबापू वाट बघतोय."

तिने काडतूस शोधलं ते जसं तपासणीत काम करायची तसं. दुकानदाराकडून प्रत्येक जातीच्या थोड्या थोड्या डब्या आणल्या. लाल म्हणजे जलद, निळी मधली, पांढरी मंद. एकाच चटईवर, त्याच पिशव्यांवर रायफल ठेवायची. पाच गोळ्या, एक कार्ड. जात बदलली की आधी काही गोळ्या ढिगात सोडायच्या, त्या मोजायच्या नाहीत, आणि मगच नवं कार्ड. वारा असला तर थांबायचं. मी कार्डं आणायला आणि लावायला असायचो. बसून बसून माझी कंबर जायची.

"एका कार्डावर कळत नाही का तुला?" मी विचारलं.

"एका कार्डावर तू कळतोस का मला? तुझे किती ट्रे बघितलेत मी."

जलद गोळी का पसरते ते तिनेच मला सांगितलं. नळीतून निघताना ती आवाजापेक्षा वेगात असते. कार्डापर्यंत पोचण्याआधी तिचा दम उतरतो, वेग आवाजाच्या खाली येतो, आणि ती उतरण पार करताना ती हेलपाटते. मंद गोळी पहिल्यापासूनच आवाजाच्या खाली असते. तिला वाटेत ती उतरण लागतच नाही.

"म्हणजे सगळ्यांनीच पांढरी घ्यावी," मी म्हणालो.

"तसं मी म्हटलं का? जावईबापूची नळी बघ. त्याला लाल मानवते. त्याची कार्डं मी पाहिलीत. तो मारेना का लाल."

पांढरीची पहिली डबी लालसारखीच निघाली. सेक्रेटरी येता जाता कार्डावर डोकावला आणि शीळ घालत गेला. मला वाटलं, संपलं आता. ताईने डबी उलटी केली, तळाचा शिक्का वाचला आणि दुकानदाराला फोन केला. म्हणाली, हा लॉट नको, दुसरा कुठला आहे? आम्ही कारखान्यातली माणसं. एकाच नंबरचा माल, पण सोमवारचा लॉट आणि गुरुवारचा लॉट ह्यांत काय फरक असतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. दुकानदाराकडे जुना लॉट थोडासाच पडून होता. तिने तो मागवला.

त्या लॉटच्या पाच गोळ्यांनी कार्डावर एकच भोक पडलं. कडेने जरा खडबडीत, पण एक. मी म्हणालो, "बाकीच्या चार ढिगात गेल्या." तिने नवं कार्ड लावायला सांगितलं. परत एकच. तिसऱ्या कार्डाला मी स्वतःच पळत गेलो.

एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट छोटी झाली असती. पण ताई तपासणीतली. सापडलेला माल तिने मोजून घ्यायचं ठरवलं. काडतुसाच्या बुडाला एक बारीक कड असते, तिच्यावर पिनेचा ठोका बसतो. कड कुठे जाड, कुठे पातळ असली तर ठोकाही कमीजास्त बसणार. तेव्हा सगळ्या काडतुसांची कड मोजायची आणि सारखी सारखी वेगळी काढायची. हे करणारे लोक आहेत, हिने नवीन काढलं नव्हतं. पण तपासणीच्या खोलीत एक नियम आहे. आधी पुसायचं, मग वाळवायचं, मग मोजायचं. तेल लागलेला माल मोजणाऱ्याला ती खोलीतून बाहेर काढायची. चाळीस वर्षं हाताला लागलेली सवय. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, रॉकेलचा बोळा घेतला, एकेक काडतूस पुसून चकचकीत केलं, आणि मग मोजलं. भावोजी मदतीला बसले. दोघांनी मिळून सुंदर रांगा लावल्या.

निवड चाचणी दोन दिवसांवर आली. ताईने त्या निवडलेल्या काडतुसांनी सराव केला. पहिलं कार्ड लालपेक्षा वाईट. दुसरं त्याहून वाईट. एक गोळी काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेली. तिची गोळी काळ्याबाहेर गेलेली आम्ही कधी बघितली नव्हती. तिने पिशव्या पुन्हा बसवल्या, दस्त्याचे स्क्रू आवळले, दुर्बिणीतून बघितलं. परत मारली. तेच.

सेक्रेटरी शेजारच्या चटईवर होता. उठून आला. तिच्या डबीतलं एक काडतूस उचललं आणि शिशाचं टोक अंगठ्यानं चोळलं. परत चोळलं. मग बोटं नाकाशी नेली.

"बाई, ह्याचं मेण कुठे गेलं?"

"मेण?"

"गोळीला मेण असतं. ह्याला रॉकेलचा वास येतोय."

"पुसलं," ताई म्हणाली. "पुसल्याशिवाय मोजणार कसं?"

सेक्रेटरी इतका हसला की पत्रे वाजले. "अहो, ही गोळी आहे, बेअरिंग नाही! क्रेनचा दोर कोरडा ओढून बघा, स्वतःलाच खातो. शिसंही कोरडं नळीतून ओढलं की नळीला चिकटत जातं. मेण म्हणजे तिचं वंगण. वंगण पुसून टाकलंत तुम्ही! मोजून, मापून, रांगेत लावून पुसलंत!" त्याने सगळ्यांना बोलावलं. "परतबाईने गोळ्यांना आंघोळ घातली रे!"

मी ग्राइंडिंगला आयुष्य काढलं. पाण्याची धार न सोडता माल घासला तर काय होतं हे मला झोपेतही सांगता येईल. तरी मला सुचलं नव्हतं. सुचलं त्याला, दोराला ग्रीस लावणाऱ्याला.

ताई लोकांसमोर उभी होती. चेहरा उतरला होता, ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. सगळे हसून होईपर्यंत ती थांबली.

"बरोबर बोललास," ती सेक्रेटरीला म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

सेक्रेटरी एकदम मऊ झाला. "असू दे हो. होतं. मग परवा लाल डबी घेऊन या, आपण नळी साफ करून देऊ."

"नळी साफ करते. डबी पांढरीच. मेणासकट."

"अहो, आत्ता म्हणालात ना मी बरोबर?"

"मेणाबद्दल. बाकीचं तुझं तूच बघ."

पुसलेली काडतुसं तिने बाजूला काढली. त्या लॉटची मोजायची राहिलेली, न पुसलेली फार थोडी उरली होती. दुकानदाराकडे आणखी नव्हती, तिने दोनदा विचारलं. रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "अगं, कर की एवढ्यापुरती तडजोड. शेवटचं वर्ष आहे. लाल घेऊनही तू त्या जावयापेक्षा चांगलं मारशील कदाचित."

"कदाचित," ताई म्हणाली. "तू भिंत न घासता रंग लावतोस का? कदाचित टिकेल म्हणून?"

भावोजींनी ताट पुढे सरकवलं. "वाढ," म्हणाले. "माझं म्हणणं मागे घेतो."

ब्रश घालघालून तिने नळीतलं शिसं काढलं. आता दुसरी अडचण. स्वच्छ नळीतून पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. नळीला मेणाचा थर बसला की मग त्या एका जागी पडायला लागतात. मोजायच्या गोळ्यांआधी हव्या तितक्या चाचणीच्या गोळ्या मारायची मुभा असते, पण सगळ्याला मिळून वेळ एकच. आणि काडतुसं उरलेली थोडी.

निवडीच्या दिवशी शेडमध्ये बरीच माणसं जमली. ताईने चाचणीच्या कार्डावर मारायला सुरुवात केली. पहिली वर. दुसरी डावीकडे. तिसरी परत वर. ती मारत राहिली. बाकीच्यांच्या मोजायच्या गोळ्या सुरू झाल्या, जावईबापूच्या अर्ध्या झाल्या, आणि ही अजून चाचणीच्याच कार्डावर. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, मुहूर्त काढताय का?"

मी गुडघ्यावर बसून तिच्या कानाशी म्हणालो, "ताई, इथेच संपवशील सगळी. स्पर्धेला काय मारशील?"

"आज बाहेर पडले तर स्पर्धा कुठली?" ती डोळा न काढता म्हणाली. "आणि माझ्या कानाशी श्वास घेऊ नकोस."

मग एक मधे पडली. तिच्यावरच दुसरी. तिसरी पडली तेव्हा भोक जेमतेम वाढलं. ताईने दुर्बिणीतून बघितलं, चष्मा पुसला आणि मोजायच्या कार्डाकडे रायफल वळवली. घाई केली नाही. घाईने मारणारा माणूस कसा दिसतो ते मी बघितलंय, खांदे वर चढतात. हिचे खांदे चटईला टेकलेलेच होते. शिट्टी वाजायच्या जरा आधी तिची शेवटची गोळी गेली.

ती जावईबापूपेक्षा दोन गुणांनी पुढे होती. जावईबापूनेच आधी टाळी वाजवली.

सेक्रेटरीने दोन्ही कार्डं उजेडात धरून स्वतः मोजली, आणि खोटं मोजलं नाही. मग फळ्यावर ताईचं नाव लिहिलं आणि खडू हातातच ठेवून म्हणाला, "बाई, जागा तुमची. स्पर्धेला मात्र संघ लाल डबी मारणार. चौघंही. कबूल?"

ताईने त्याच्या हातातल्या कार्डांकडे बोट केलं.

"ही कार्डं पांढरीची आहेत," ताई म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय. आज तुमच्याकडे किती उरली? स्पर्धेत मधेच संपली तर काय करायचं? मी एकदा तोंड काळं करून घेतलंय. परत नाही."

"पुरतील तेवढी आहेत."

"आणि नाही पुरली तर?"

"तर माझे गुण कमी होतील."

"तुमचे नाही, संघाचे. लाल, नाहीतर नाव खोडतो."

लोक तिच्याकडे बघत होते. मी पण. खरं सांगायचं तर मला वाटलं, म्हण हो. चार माणसांत उभं राहायला मिळेल, कारखान्याचं जाकीट अंगावर असेल, शेवटचा फोटो निघेल. हो म्हणायला काय जातं?

"खोड," ताई म्हणाली.

"बाई—"

"तुला खोडायला जड जात असेल तर खडू इकडे दे."

सेक्रेटरीने नाव पुसलं आणि जावयाचं लिहिलं. जावईबापू पुढे आला. "मामा, मी हरलो होतो," सासऱ्याला म्हणाला. सेक्रेटरी म्हणाला, "तू गप. तू क्लबाचं काडतूस मारतोस, तू संघात." जावईबापू ताईकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्याच्या.

"उभा राहा तू," ताईने त्याला सांगितलं. "तुझ्या नळीला लाल मानवते. पण लाजत मारू नकोस, सगळ्या उजवीकडे जातील."

स्पर्धेत संघाखेरीज वैयक्तिक गटही होता. नोकरीत असलेला कुणीही त्यात उतरू शकत होता, क्लबाने नाव द्यायची गरज नव्हती. ताईने स्वतःचं नाव स्वतः दिलं. तोपर्यंत नळीला तिने ब्रश लावला नाही. बसलेला मेणाचा थर तसाच ठेवला, म्हणजे चाचणीत कमी काडतुसं जातील. कापड नुसतं बाहेरून फिरवायची. पाळण्यातल्या मुलाला जपावं तशी ती नळी जपत होती.

स्पर्धेला चौघं कारखान्याच्या जाकिटात आले. ताई घरच्या स्वेटरमध्ये. भावोजींनी कोपराला कातडं शिवून दिलं होतं, टाके एकसारखे. चटईवर तिने पांढरी डबी उघडी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारच्या गटातला एक पंच थांबला, डबी वाचली.

"हे तुमच्या क्लबाचं काडतूस नाही वाटतं?"

"नाही. माझं आहे. नियमात बसत नाही का?"

"बसतं की. मी आपलं विचारलं." तो पुढे गेला.

एवढंच. ज्याच्यासाठी नाव पुसलं गेलं ते तिथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

सेक्रेटरी संघाच्या मागे हातांची घडी घालून उभा होता, पण नजर सारखी ह्या चटईकडे. तिची काडतुसं मोजत होता हे मला कळत होतं, कारण मीही तेच करत होतो. चाचणीला तिने मोजकी घालवली. मग मधे वारा सुटला. झेंड्या एका बाजूला ताणल्या. लोक घाईने मारून मोकळे व्हायला लागले. ताईने रायफल खाली ठेवली आणि हनुवटी हातावर टेकवून पडून राहिली. झोपली की काय असं वाटावं. झेंडी सैल पडली की एक गोळी. परत ताणली की परत हनुवटी हातावर. मोजायची शेवटची गोळी गेली तेव्हा डबीत आणखी दोन काडतुसं होती. पुरली.

निकाल लागला. संघ दुसरा आला. जावईबापूने आयुष्यातले सगळ्यात चांगले गुण मारले. लालने. ताई वैयक्तिक गटात चौथी आली. पदक तिघांपर्यंतच. तिसऱ्यात आणि तिच्यात एका गुणाचा फरक होता. तो गुण जिने घालवला ती गोळी पहिल्या वाऱ्यात सुटलेली. ताईने कार्डावर त्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी. काडतुसाची नाही."

सेक्रेटरी पदक गळ्यात घालून आला. संघाच्या मार्गदर्शकालाही देतात ते. खूश होता, आणि त्याला खूश असायचा हक्क होता. तरी त्याला राहवलं नाही.

"चौथ्या आलात, बाई," तो म्हणाला. "माझं ऐकलं असतं तर हे तुमच्या गळ्यात असतं."

"असतं," ताई म्हणाली.

"मग?"

"मग मी किती बरी मारते ते मला कळलं नसतं. आता कळलं. चौथी. सगळ्या कारखान्यांत चौथी, आणि एक गोळी मी वाऱ्यात घालवली म्हणून. हे सांगायला मला दुसऱ्या कुणाचा माल लागत नाही, आणि लपायलाही लागत नाही."

जावईबापू सेक्रेटरीच्या मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता, पण हसत होता.

"पुढच्या वर्षी तर तुम्ही नसणारच," सेक्रेटरी शेवटी म्हणाला. आवाज कधी नव्हे तो हळू होता.

"नोकरीत नसेन. आणि रेंज नोकरीवाल्यांचीच आहे असं पाटीवर कुठे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. सोमवारी येते. तुझ्या रायफलीला कुठली डबी मानवते ते तरी कधी बघितलंस का तू? नुसता आवाज ऐकतोस."

"माझी चांगली मारते."

"कार्ड दाखव."

त्याच्याकडे कार्ड नव्हतं. तो कधी आपली कार्डं ठेवायचाच नाही.

ताईने रायफल पेटीत ठेवली, खटके लावले आणि चटईच्या एका टोकापाशी वाकली. चटई जाड, वाळूने भरलेली, दोघांशिवाय उचलत नाही. मी पुढे झालो तर तिने मला हातानेच थांबवलं.

"सेक्रेटरी," ती म्हणाली, "उचलायचं काम तुझं. तिकडचं टोक धर."

त्याने पदक शर्टाच्या आत सारलं आणि टोक धरलं.